'किंवा'च्या जागी 'आणि' लिहा : महाराष्ट्र आणि गोव्याच्या ७० खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदार,

स. न. वि. वि.

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २, राज्यसभेत १९ आणि १, असे आपण एकूण ७० सदस्य. हे पत्र आपणा सर्वांना आहे, बाक कुठलाही असो. विषय समाजमाध्यमांवरच्या सरकारी नियंत्रणाचा आहे. नियंत्रण असावे की नसावे, या वादात आम्ही शिरत नाही. ते लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसे ठेचून मारली गेली. ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. एखाद्या मुलीचे खासगी चित्रण पसरू लागले, तर ते उतरवण्याआधी समितीची बैठक बोलवा, असेही कुणी म्हणणार नाही. आमचे मागणे याहून पुष्कळ लहान आहे. ज्याचा लेख, चित्र किंवा व्हिडिओ सरकारी आदेशाने उतरवला जातो, त्याच्या हाती तो आदेश पडला पाहिजे. आज तो पडत नाही. त्याचे मूळ २००९ सालच्या नियमातल्या एका 'किंवा'त आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६९अ आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झाले. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी एवढ्याच कारणांसाठी केंद्र सरकार इंटरनेटवरचा मजकूर बंद करू शकते. बदनामी, अश्लीलता, न्यायालयाचा अवमान ही कारणे या कलमात नाहीत. आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात. आदेश न पाळणाऱ्या कंपनीच्या जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे आदेश न पाळण्याचा विचार सहसा कुणी करत नाही.

या कलमाखालच्या नियमांनी कार्यपद्धती आखून दिली आहे. खात्याचा किंवा राज्याचा नोडल अधिकारी विनंती पाठवतो. ती सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जाते. त्याच्या अध्यक्षतेखाली विधी, गृह, माहिती-प्रसारण ही मंत्रालये आणि सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था यांचे प्रतिनिधी बसतात (नियम ७). सात कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हावा (नियम ११). तातडी असेल तर सचिव आधी अंतरिम आदेश देऊ शकतात आणि ४८ तासांत ते प्रकरण समितीपुढे ठेवावे लागते (नियम ९). दर दोन महिन्यांनी निदान एकदा पुनरावलोकन समितीने आदेश तपासावेत (नियम १४). कागदावर हे बरेच काळजीपूर्वक लिहिलेले आहे.

आता नियम ८ पाहा. मजकूर ठेवणारी 'व्यक्ती किंवा मध्यस्थ' यांचा शोध घेण्याचा वाजवी प्रयत्न पदनिर्देशित अधिकाऱ्याने करावा आणि त्या 'व्यक्तीला किंवा मध्यस्थाला' पत्राने, फॅक्सने किंवा ई-मेलने नोटीस पाठवावी. उत्तर द्यायला किमान ४८ तास मिळावेत. मध्यस्थ म्हणजे यूट्यूब, फेसबुक, एक्स, वेबसाइट ठेवणारी होस्टिंग कंपनी. या 'किंवा'मुळे एकाला नोटीस दिली की नियम पाळला गेला, असे म्हणता येते. कंपनीचा पत्ता सरकारकडे असतोच, म्हणून नोटीस कंपनीला जाते. लेखकाला शोधायची गरज उरत नाही. फॅक्सची आठवण ठेवणारा नियम लेखकाला विसरला.

त्यावर नियम १६ चे कुलूप आहे. आलेल्या सर्व विनंत्या, तक्रारी आणि त्यांवरची कारवाई यांबाबत 'कडक गोपनीयता' पाळावी, असे तो सांगतो. म्हणून कंपनी लेखकाला आदेश दाखवायला कचरते. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर त्या कायद्याचे कलम ८(१)(अ) (सुरक्षेच्या कारणाची सूट) आणि हाच नियम १६ पुढे करून नकार येतो. पुनरावलोकन समिती आपल्याबाबतचा आदेश तपासणार आहे, हे ज्याला ठाऊकच नाही, तो तिच्यापुढे म्हणणे कसे मांडणार?

हे नियम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी वैध ठरवले, हे खरे. तो खटला श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार, आणि त्याची ठिणगी महाराष्ट्रातच पडली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते 'लाइक' केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. अटकेत वापरलेले कलम ६६अ न्यायालयाने रद्द केले, ६९अ राखले. ते का राखले, हे मात्र नीट वाचावे लागते. न्यायालयाने म्हटले की मजकुराचा कर्ता सापडत असेल, तर मध्यस्थाबरोबर त्याचेही म्हणणे ऐकले जाईल. कारणे लेखी असल्यामुळे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून ती तपासून घेता येतील, असेही म्हटले. या दोन गोष्टी गृहीत धरून ते कलम तगले. व्यवहारात दोन्ही निसटल्या आहेत. हातात नसलेल्या आदेशाला आव्हान द्यायचे, तर याचिकेला परिशिष्ट म्हणून काय जोडायचे?

सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एक्स कंपनीची याचिका फेटाळली. त्यात न्यायालयाने सांगितले की अनुच्छेद १९ मधले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकांचे आहे, परदेशी कंपनीला त्याचा आसरा घेता येणार नाही. घटनेच्या शब्दांना धरूनच हा निष्कर्ष आहे. पण त्याचा परिणाम बघा. कंपनीकडे आदेश आहे, पण अनुच्छेद १९ नाही. नागरिकाकडे अनुच्छेद १९ आहे, पण आदेश नाही. दोघांनाही न्यायालयाची पायरी चढण्यापुरते पूर्ण सामान मिळत नाही. सध्याच्या व्यवस्थेतला खरा बिघाड हा आहे. मजकूर बंद करण्याच्या अधिकाराला धक्का न लावताही तो दुरुस्त करता येतो.

एक उदाहरण देतो. हुंड्याची टिंगल करणारी, 'तुमचा हुंडा मोजा' असे उपरोधाने सांगणारी एक वेबसाइट २०१८ मध्ये बंद झाली. कर्त्याला आधी नोटीस नव्हती, नंतर आदेशही नव्हता. त्याला आदेशाची प्रत द्या आणि त्याचे म्हणणे ऐका, हे दिल्ली उच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये सांगावे लागले. म्हणजे नुसती प्रत हाती यायला चार वर्षे. एवढी वर्षे टिकून राहण्याची ऐपत जिल्ह्याच्या गावातून यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या कुणाकडे असते?

आकड्यांची चढण संसदेतल्या उत्तरांतूनच दिसते. ६९अ खाली २०१४ मध्ये ४७१ लिंक, खाती व पाने बंद झाली. २०२० मध्ये हा आकडा ९,८४९ होता, २०२२ मध्ये ६,७७५. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत ८,००० हून अधिक खाती बंद करण्याचे आदेश आल्याचे एक्सने जाहीर केले. त्या आठवड्यात त्यांतली पुष्कळ खाती खरोखर खोटे पसरवत असतील. पण आठ हजारांत किती चुकीने अडकली, हे तपासायला बाहेरच्या माणसाकडे साधन नाही.

हे झाले पुढचे दार. मागचे दार कलम ७९(३)(ब) चे आहे आणि सध्या वर्दळ तिथेच आहे. कलम ७९ म्हणजे कंपन्यांचे कवच. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरू नये, मात्र बेकायदा मजकुराची सूचना मिळूनही तिने तो काढला नाही तर कवच जाते. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली, तरच ही सूचना मिळाली असे धरावे, आणि तीही अनुच्छेद १९(२) मधल्या, अभिव्यक्तीवर घालता येणाऱ्या निर्बंधांच्या चौकटीतच, असे २०१५ च्या निकालाने ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने 'सहयोग' पोर्टल सुरू केले आणि अशा सूचना तिथून थेट कंपन्यांना जाऊ लागल्या. इथे नियम ७ ची समिती नाही, नियम ८ ची नोटीस नाही, नियम १४ चे पुनरावलोकन नाही. नाव सहयोग, पण ज्याचा मजकूर जातो, त्याला कुणी काही विचारत नाही.

सूचना कोण पाठवते, हेही पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरी झाली. तिचे व्हिडिओ असलेल्या २८५ लिंक ३६ तासांत काढा, असे रेल्वे मंत्रालयाने एक्सला कळवले. मृतदेहांची दृश्ये उतरवण्यामागे माणुसकीचे कारण असू शकते. पण गर्दीच्या नियोजनाबद्दल ज्या खात्याला जाब विचारला जात होता, त्याच खात्याने त्याच घटनेचे कोणते चित्रण राहावे हे ठरवले. सरकारी कारभाराबद्दलची बातमी खरी की खोटी, हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवण्याची २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. कुणाल कामरा यांच्या याचिकेतला हा निकाल. खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसऱ्या न्यायमूर्तींनी तो दिला. रेल्वेच्या प्रकरणातला प्रश्न त्याच जातकुळीचा आहे.

मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांतल्या ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीने काही गोष्टी सुधारल्या आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. आता अशी सूचना सहसचिव दर्जाच्या (तसा अधिकारी नसेल तिथे संचालक दर्जाच्या) अधिकाऱ्यालाच देता येते. पोलिसांकडून असेल, तर खास नेमलेला अधिकारी उपमहानिरीक्षकापेक्षा खालचा चालत नाही. कायदेशीर आधार, कृत्याचे स्वरूप आणि नेमकी लिंक लिहावी लागते. सचिव दर्जाचा अधिकारी दरमहा आढावा घेतो. कोणताही पोलीस निरीक्षक उठून नोटीस पाठवतो, ही स्थिती निदान नियमात संपली. लेखक मात्र याही दुरुस्तीत कुठे नाही.

मग फेब्रुवारी २०२६ मध्ये सूचनेनंतर मजकूर काढायची वेळ कमी झाली. ३६ तासांचे ३ तास झाले. तीन तासांत कंपनीच्या कार्यालयात काय होते? सूचना आली की ती नोंदवायची, भाषा ओळखायची, मजकूर पाहायचा, कायद्याचा आधार तपासायचा, वकिलाला विचारायचे, निर्णय घ्यायचा. रात्री दोनला आली तर पहाटे पाचपर्यंत. मराठी मजकूर असेल, तर त्या पाळीत मराठी कळणारा माणूस असेलच असे नाही, मग यंत्र-भाषांतरावर भिस्त. मराठी राजकीय भाषा कशी असते, हे आपल्याला आम्ही सांगायला नको. 'अर्थसंकल्पाची चिरफाड', 'मंत्र्यांचे वाभाडे', 'या सरकारला मातीत गाडा', 'पुढच्या निवडणुकीत आडवे करू', 'एल्गार', 'चक्का जाम'. यातला शब्द न् शब्द भाषांतरात हाणामारीचा वाटू शकतो. कंपनीचा हिशेब सरळ आहे : मजकूर ठेवला तर कवच जाण्याचा धोका, काढला तर तोटा शून्य. अशा वेळी ती काढणार. मुदत जितकी तोकडी, तितका नंतर दाद मागण्याचा रस्ता रुंद हवा. आपल्याकडे पहिली तोकडी झाली आणि दुसरा रुंद झालाच नाही.

वेबसाइट बंद होते तेव्हा प्रकरण आणखी वेगळे असते. यूट्यूब किंवा एक्स एकच व्हिडिओ, एकच पोस्ट भारतापुरती झाकू शकतात. पुण्यात न दिसणारी पोस्ट दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला दिसत राहते. पण स्वतंत्र वेबसाइटबाबत आदेश इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्याकडची हत्यारे बोथट असतात. आज जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएस, म्हणजे देवाणघेवाण कूटबद्ध करणारी पद्धत, वापरतात. त्यात वाचक कोणत्या साइटवर चालला आहे, एवढेच नाव सेवादात्याला दिसते, त्या साइटचे कोणते पान उघडले ते दिसत नाही. म्हणून 'हे एक पान बंद करा' हा आदेश सेवादाता पाळूच शकत नाही, त्याला अख्खी साइट बंद करावी लागते. आयपी पत्त्यावर बंदी घातली, तर त्याच पत्त्यावर राहणाऱ्या, काहीही संबंध नसलेल्या शेकडो साइट सोबत जातात.

याचा जुना धडा मुंबईचाच आहे. मुंबईच्या अतिरिक्त मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांच्या नोव्हेंबर २०१४ च्या आदेशावरून, दहशतवादविरोधी पथकाच्या तपासासाठी, डिसेंबरात ३२ साइट बंद झाल्या. यादीत गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन आणि इंटरनेट आर्काइव्ह होते. आक्षेप काही पानांवर होता, पण देशभरच्या प्रोग्रामरांचे रोजचे काम अडले आणि मग टप्प्याटप्प्याने साइट खुल्या झाल्या. २०२२ मध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइट बंद होती, तीही कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात खुली झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांवरच्या एका व्यंगचित्रावरून 'विकटन' या तमिळ नियतकालिकाची संपूर्ण साइट झाकली गेली. ते चित्र तूर्त काढायच्या अटीवर साइट खुली करा, असे मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये सांगितले. विकटनला हे जमले, कारण ती जुनी, वकील बाळगून असलेली संस्था आहे.

अशी तक्रार घेऊन मतदारसंघातला एखादा संपादक आपल्या कार्यालयात येईल. त्या वेळी आपल्या स्वीय सहायकांना पुढच्या गोष्टी उपयोगी पडतील.

आधी बंदी कोणत्या पातळीवर आहे, ते पाहावे. साइट असेल तर तीन वेगळ्या जोडण्यांवरून उघडून बघावी : दोन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल डेटा आणि एक ब्रॉडबँड. एकीकडेच बंद असेल, तर बहुधा त्या कंपनीची चूक किंवा जुनी यादी आहे आणि तिच्या नोडल अधिकाऱ्याला लेखी कळवून काम होऊ शकते. सगळीकडे बंद असेल, पण देशाबाहेरून उघडत असेल, तर आदेश असण्याची शक्यता मोठी. फोनमधला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलल्यावर साइट उघडली, तर अडवणूक नावाच्या पातळीवर आहे. तरीही 'कनेक्शन रिसेट' असा संदेश आला, तर जोडणी होतानाच साइटचे नाव पाहून ती तोडली जात आहे. दूरसंचार विभागाच्या निर्देशावरून बंद केल्याची सूचना साध्या एचटीटीपीवर दिसू शकते. एचटीटीपीएसवर सहसा नुसती प्रमाणपत्राची चूक दिसते किंवा काहीच दिसत नाही, म्हणून लोकांना साइट बिघडली असे वाटते. सर्व्हर खरोखर बंद पडलेला नाही ना, हे आधी होस्टिंगवाल्याकडून लेखी घ्यावे, नाहीतर पुढचा सगळा पत्रव्यवहार हास्यास्पद ठरतो.

खाते किंवा व्हिडिओ असेल तर खात्याशी जोडलेल्या ई-मेलचा स्पॅम फोल्डर उघडावा. कायदेशीर मागणीमुळे मजकूर रोखल्याचे कळवणारा ई-मेल अनेकदा तिथे पडून असतो. त्यात कलम लिहिले आहे का, हे महत्त्वाचे. ६९अ असेल तर नियम ८ आणि १४ लागू होतात. ७९(३)(ब) असेल तर ते लागू होत नाहीत, पण ऑक्टोबर २०२५ च्या अटी लागू होतात : अधिकाऱ्याचा दर्जा, कारण, नेमकी लिंक. कलम लिहिलेच नसेल, तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : मजकूर कंपनीने स्वतःच्या धोरणाखाली काढला की सरकारी आदेशावरून? स्वतःहून काढला असेल तर ५० लाखांपेक्षा जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीला २०२१ च्या मध्यस्थ नियमांतल्या नियम ४(८) प्रमाणे कारण कळवावे लागते आणि आक्षेपाची संधी द्यावी लागते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. प्रत्येक टप्प्यावर तारीख, वेळ, पूर्ण लिंक आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. लिंक अर्धवट कापलेली असली की तक्रार तिथेच अडकते. ही सगळ्यात नेहमीची चूक.

यातली विसंगती आपल्या लक्षात आली असेल. कंपनीने स्वतःहून पोस्ट काढली तर तिने कारण सांगावे, असे सरकारच सांगते. सरकारने काढायला लावली तर कारण गोपनीय. जिल्ह्याचे इंटरनेट बंद करणारा आदेशही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या अनुराधा भसीन निकालानंतर प्रसिद्ध करावा लागतो. लाखोंना गप्प करणारा आदेश जाहीर आणि एकाला गप्प करणारा मात्र कपाटात.

गोपनीयतेच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला सुरक्षेचा : अतिरेकी खात्याला आधी नोटीस दिली तर ते सावध होईल. त्यासाठी नियम ९ आहेच, आधी बंद करा आणि नंतर कळवा. शिवाय खाते बंद झाले की ते चालवणाऱ्याला त्याच क्षणी कळते. गोपनीयतेमुळे बंदी लपत नाही, फक्त तिचे कारण लपते. कारणात गुप्तवार्ता असेल, तर तेवढ्या ओळी काळ्या करून बाकीचा आदेश देता येतो. दुसरा मुद्दा, टोपणनावाने लिहिणारा किंवा पत्ता नसलेला लेखक शोधायचा कसा? सरकारने शोधूच नये. नोटीस कंपनीमार्फत त्याच्या खात्यात टाकावी. नियम ४(८) साठी ही यंत्रणा मोठ्या कंपन्यांकडे आहेच, त्यात एक कप्पा वाढवायचा आहे. लेखक पुढे आला नाही, तर समितीने त्याच्याशिवाय निर्णय घ्यावा.

एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने एक्सवरच्या काही राजकीय पोस्ट काढायला लावल्या. त्यात वायएसआर काँग्रेस, आम आदमी पक्ष, चंद्राबाबू नायडू आणि बिहारचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री सम्राट चौधरी यांच्या पोस्ट होत्या, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही. एक्सने ते आदेश प्रसिद्ध केले. लोकांनी वाचले, कुणाला पटले, कुणाला नाही. निवडणूक ठरल्या वेळी पार पडली.

आता नेमकी दुरुस्ती. नियम ८ मध्ये 'व्यक्ती किंवा मध्यस्थ' ऐवजी 'व्यक्ती आणि मध्यस्थ' लिहावे आणि पुढे एक वाक्य जोडावे : व्यक्तीची ओळख पटत नसेल तर मध्यस्थाने २४ तासांत तिच्या खात्यावर नोटीस पोहोचवावी. नियम १६ ची गोपनीयता तक्रारदाराचे नाव आणि सुरक्षाविषयक तपशील एवढ्यापुरती ठेवावी, आदेशाची प्रत सात दिवसांत लेखकाला मिळावी. नियम १४ च्या समितीकडे लेखकाला अर्ज करता यावा आणि तो ३० दिवसांत निकाली निघावा. हेच सारे ७९(३)(ब) च्या सूचनांना लागू असलेल्या, २०२१ च्या मध्यस्थ नियमांतल्या नियम ३(१)(ड) मध्येही यावे, नाहीतर पुढच्या दाराला कडी आणि मागचे उघडे, असे होईल. ज्या खात्याच्या कारभारावर मजकूर आहे, त्या खात्याने स्वतः सूचना न पाठवता दुसऱ्या प्राधिकाऱ्याकडे पाठवावी. खासगी चित्रण आणि बालकांचे लैंगिक शोषण यांच्या तक्रारी यातून पूर्ण वगळाव्यात, तिथे वेगच हवा.

३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम ८ आणि १६ विरुद्धच्या याचिकेवर नोटीस काढली, आणि व्यक्ती ओळखता येत असेल तर तिला नोटीस मिळायला हवी असे प्रथमदर्शनी मतही व्यक्त केले. निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. नियम मंत्रालयाने केले आहेत, मंत्रालयाला ते उद्याही बदलता येतात.

आणि संसदेला ते बदलायला लावता येतात. कायद्याच्या कलम ८७(३) प्रमाणे प्रत्येक नियम आणि प्रत्येक दुरुस्ती दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावी लागते. त्या मुदतीत आणि लगतच्या अधिवेशनाच्या अखेरपर्यंत दोन्ही सभागृहांनी ठरवले तर नियम बदलतो किंवा रद्द होतो. याचा वापर झालेला आहे. मे २०१२ मध्ये राज्यसभेत पी. राजीव यांनी २०११ चे मध्यस्थ नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव पडला, पण मंत्री कपिल सिब्बल यांना सर्वांशी चर्चा करण्याचे आश्वासन सभागृहात द्यावे लागले, आणि मार्च २०१३ मध्ये लोकसभेच्या दुय्यम विधिविधान समितीने (सरकारने केलेले नियम तपासणारी समिती) त्या नियमांवर अहवाल दिला. २००९ च्या नियमांची मुदत केव्हाच उलटली. पण नवी दुरुस्ती पटलावर आली की तिच्यासाठी घड्याळ पुन्हा सुरू होते, आणि दुय्यम विधिविधान समितीचा रस्ता जुन्या नियमांसाठीही उघडा आहे.

तोवर तारांकित प्रश्न विचारता येईल. त्याला १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि उत्तरावर पुरवणी प्रश्न येतो, म्हणून अतारांकितावर भागवू नये. मसुदा असा : गेल्या पाच वर्षांत, वर्षनिहाय, (अ) नियम ७ च्या समितीपुढे किती विनंत्या आल्या आणि किती नाकारल्या, (ब) किती प्रकरणांत नियम ९ ची तातडी वापरली, (क) किती प्रकरणांत मध्यस्थाखेरीज मजकुराच्या कर्त्यालाही नोटीस गेली, (ड) नियम १४ च्या समितीच्या किती बैठका झाल्या आणि तिने किती आदेश फिरवले, (इ) सहयोग पोर्टलवरून किती सूचना गेल्या, त्यांत महाराष्ट्र व गोव्याच्या किती. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे उत्तर आले तर ते आश्वासन समजले जाते आणि शासकीय आश्वासन समितीकडे जाते, तिथे पाठपुरावा करावा. (क) चे उत्तर टाळले गेले, तर पुरवणी प्रश्न तोच ठेवावा.

दुरुस्तीचा कलमवार मसुदा मराठी आणि इंग्रजीत तयार आहे. आपल्या कार्यालयाने मागितला की पाठवू.

आपले,
डिजिटल कायद्यावर काम करणारे काही वकील, नेटवर्क अभियंते आणि मराठी संपादक